तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्या मुलांच्या फिल्म इतक्या साध्या का दिसतात?

आमच्या फिल्म बनवायला शिकवणाऱ्या वर्गाचं वर्षअखेरीचं स्क्रीनिंग झालं की कुणीतरी हमखास विचारतं. कधी पालक, कधी सहकारी, कधी आमचेच माजी विद्यार्थी. "मॅडम, मुलं छान करतात, पण फिल्म दिसायला इतक्या साध्या का?" मग तुलना येते. दुसऱ्या कॉलेजच्या मुलांनी ड्रोन उडवला होता, मागचं सगळं कसं धूसर होतं, रंग अगदी थिएटरमधल्या सिनेमासारखे होते. मी हसून वेळ मारून नेते. या वर्षी एकानं पुढे जाऊन विचारलं, "तुम्हाला स्वतःला कॅमेरा येतो ना?" तेव्हा म्हटलं, एकदा लिहूनच टाकावं.

येतो. एके काळी मी वर्गात दुसरं काही शिकवतच नव्हते. ॲपर्चर, शटर, आयएसओ, कुठली लेन्स कशाला. मुलं खूश, मीही खूश. सत्राच्या शेवटी फिल्म यायच्या त्यांत उन्हाची तिरीप, काचेवरचे थेंब आणि खिडकीत उभी असलेली एक मुलगी. ही इथे का उभी आहे, असं विचारलं की सगळा ग्रुप एकमेकांच्या तोंडाकडे बघायचा. फोकस मात्र तिच्या पापणीवर बरोबर असायचा. म्हणून आता माझ्या वर्गात गोष्ट आधी, देखणेपण नंतर.

'मॅडम कॅमेरा हातातच देत नाहीत' ही अफवाही एकदाची संपू दे. पहिल्याच आठवड्यात देते. कॅमेरा ट्रायपॉडवर, एकच शॉट, ५० सेकंद, आवाज नाही, पॅन (कॅमेरा आडवा फिरवणं) नाही, झूम नाही. सिनेमाची सुरुवात करणाऱ्यांपैकी फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंच्या १८९५च्या फिल्म साधारण तेवढ्याच असायच्या, कारण त्यांच्या कॅमेऱ्यात १७ मीटरच्या आसपासच फिल्मची पट्टी मावायची. माझी अट एवढीच, की त्या ५० सेकंदांत कुणाला तरी काहीतरी हवं असलं पाहिजे आणि ते बघणाऱ्याला शेजारी बसून समजावून सांगावं लागता कामा नये. करून बघा. बंद पडलेल्या लिफ्टचं बटण परत परत दाबणारा माणूस पुरतो; सूर्यास्त पुरत नाही.

पुढचं बहुतेकांना माहीत आहे. ग्रुप, आळीपाळीनं कामं, आज दिग्दर्शन करणारा पुढच्या फिल्मला बूम, म्हणजे लांब दांडीवरचा माइक, धरणार. शूट संपल्यावर रिकाम्या खोलीचा नुसता आवाज अर्धा मिनिट रेकॉर्ड करायचा, तेव्हा सगळ्यांना नेमकी शिंक येते. आवाजाबाबत मी कडक आहे. चित्र थोडं काळपट असलं तर लोक सांभाळून घेतात, संवाद ऐकू आला नाही तर मोबाइल काढतात.

पण खरा प्रश्न हा नाही, हे मलाही कळतं. विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या मनात त्या जिन्याच्या शॉटची गोष्ट असते. कानावर आलेली, अर्धवट.

एका ग्रुपच्या फिल्मची गोष्ट अशी होती: नापास झालेला मुलगा घरी येतो आणि आईला सांगायचं त्याच्यानं होत नाही. लेखन-दिग्दर्शन एका मुलीचं, कॅमेरा एका मुलाचा. त्या मुलानं गिंबलवर (चालताना कॅमेरा स्थिर ठेवणारी हातातली दांडी) एक सलग शॉट घेतला होता. नायकाच्या मागोमाग तळमजल्यापासून चौथ्या मजल्यापर्यंत. प्रत्येक वळणावर जिन्याच्या खिडकीतून पहाटेचा उजेड थोडा थोडा वाढत जातो. त्यासाठी पोरं रात्रभर जागली होती. उजेड जुळेना, पाय घसरे, चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत गिंबल धरलेला हात थरथरायला लागे. अखेर जमला. सुरेख होता, यात वादच नाही.

रफ कट, म्हणजे फिल्मची पहिली कच्ची जोडणी, बघताना मी विचारलं, "जिना चढताना याच्या मनात काय चाललंय?"

"ते प्रेक्षकानं समजून घ्यायचं," कॅमेऱ्यावाला म्हणाला.

"कशावरून? आपल्याला त्याची पाठच दिसतेय."

मग दिग्दर्शिकेला म्हटलं, काढून बघ. ठेवायचा की नाही ते नंतर ठरव. तिनं टाइमलाइनवरून तो तुकडा उचलला आणि दोन्ही टोकं जोडली. आता निकाल बघून फोन खिशात ठेवणारा हात आणि लगेच बेलपासून इंचभर दूर थांबलेलं बोट. ती पटकन म्हणाली, "आता कळतंय, तो घाबरलाय."

तो मुलगा उभा राहिला. "मग मी रात्रभर काय केलं?"

मी जे उत्तर दिलं ते आजही बरोबरच वाटतं: न वापरलेला शॉटही कामच असतं, एडिटिंग टेबलावर घामाचा हिशोब होत नाही. त्यानं बॅग उचलली आणि गेला. दुसऱ्या दिवशी दिग्दर्शिकेला मेसेज, श्रेयनामावलीत माझं नाव नको. मी बोलावलं, समजावलं, त्याच्या आईवडिलांचाही फोन येऊन गेला. नाव नाहीच लागलं. फिल्म चांगली झाली. त्या वर्षी लोक खरोखर रडले ते त्या बोटावर.

आणि तो शॉट? त्यानं तो आपल्या शोरीलच्या, म्हणजे काम मागताना दाखवायच्या निवडक शॉट्सच्या, सुरुवातीला लावला आणि त्यावरच त्याला एका कॅमेरामनकडे सहायकाचं काम मिळालं. हे त्यानंच मला कळवलं, अगदी नम्रपणे. "मॅडम, तुम्ही काढायला लावलेला शॉट." पुढे काही नाही.

आता बोला. मी म्हणते, शोरीलचं काम वेगळं, फिल्मचं वेगळं. तिथे तुमचा हात बघतात, इथे त्या मुलाची भीती. पटतं की नाही? मला पटतं. पण लेन्सचे तक्ते फळ्यावर काढणारी ती जुनी मी मध्येच तोंड घालते: पोरांना कामं कशावर लागतात, बाई? या क्षेत्रात शिरताना तुझी गोष्ट ऐकायला कोण थांबलंय? आधी विचारतात, फोकस ओढता येतो का, म्हणजे शॉट चालू असताना फोकस हवा तिथे नेता येतो का. तिला गप्प करायला मी फाळक्यांना मध्ये आणते. १९१२ साली भांडवलासाठी त्यांनी एका रोपाची वाढ दिवसामागून दिवस टिपून दाखवली. उगवणारं रोप, पुढे काय होणार याची उत्सुकता, म्हणजे गोष्टच ना? ती म्हणते, छे, पैसेवाल्यांना पटवलं ते कॅमेऱ्याच्या करामतीनं. रोप काय, कुणाच्याही परसात उगवतं. उदाहरण माझं, आणि तेही तिच्या बाजूनं बोलतं.

एक मात्र मान्य करते. 'गोष्ट आधी' असं म्हटलं की वर्गात नकळत उतरंड लागते. लिहिणारा वर, बूम धरणारा खाली. कॅमेऱ्याचे गुण मी वेगळे देते, पण मुलांना ते सांत्वनाचे वाटतात. म्हणून हल्ली शूटच्या आदल्या दिवशी गोष्ट सांगायची ती कॅमेरा करणाऱ्यानं, आवाज घेणाऱ्यानं, प्रत्येकानं आपापल्या शब्दांत. दिग्दर्शकानं फक्त ऐकायचं. त्यातून भांडणं आधी होतात, एवढा फायदा.

गेल्या आठवड्यात एका ग्रुपमध्ये कॅमेरा करणारीनं सांगितलेली गोष्ट दिग्दर्शिकेच्या गोष्टीपेक्षा सरळ सरळ वेगळी निघाली. कॅमेरा करणारीच्या मते फिल्ममधली बहीण खोटं बोलतेय, दिग्दर्शिकेच्या मते नाही. "मग मॅडम, फ्रेम कुणाच्या गोष्टीची लावू?" दोन्ही घ्या म्हटलं, तर खोली दोनच तास मिळाली होती. काय घेतलं ते अजून मला दाखवलेलं नाही. रफ कट सोमवारी आहे.