टोकनपासून ताब्यापर्यंत: कर्ज चालू असलेला रीसेल फ्लॅट

टोकन, म्हणजे बयाण्याची रक्कम, दिलं की घर आपलं झालं असं वाटतं, पण कागदांचं खरं काम तिथूनच सुरू होतं. टोकन चेकनेच द्या आणि ‘टायटल (मालकी हक्क) क्लिअर नसेल किंवा गृहकर्ज नामंजूर झालं तर रक्कम परत’ एवढं तरी सहीनिशी लिहून घ्या.

मग वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदींची तपासणी. बिल्डरच्या पहिल्या करारापासून आजच्या मालकापर्यंतची साखळी अखंड हवी. मधला एखादा मूळ करार हरवला असेल तर पोलीस तक्रार, जाहीर नोटीस आणि निबंधक कार्यालयातली प्रमाणित प्रत, एवढं झाल्याशिवाय बँक सहसा हलत नाही.

गाडी हमखास अडते ती विकणाऱ्याच्या चालू कर्जापाशी. मूळ कागद त्याच्या बँकेत असतात. त्याच्याकडून दोन गोष्टी मागा: फोरक्लोजर लेटर (कर्ज पूर्ण फेडायला किती रक्कम लागेल ते सांगणारं बँकेचं पत्र) आणि बँकेकडे जमा कागदांची यादी. लेटरमधली रक्कम ठरावीक तारखेपुरतीच असते, कारण व्याज रोज चढतं. चेक उशिरा पोचला तर थोडे पैसे कमी पडतात आणि तेवढ्यासाठी खातं बंद होत नाही. म्हणून लेटर अगदी शेवटी, चेकची तारीख पक्की झाल्यावर काढायला सांगा. तुमची बँक पहिला चेक थेट त्या कर्जखात्याच्या नावे काढते. तुमचा स्वतःचा हिस्साही शक्यतो तिथेच भरा. विकणाऱ्याच्या बचत खात्यात गेलेले पैसे दुसरीकडे वळले तर फ्लॅटवरचा कर्जाचा बोजा तसाच राहतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत मिळायला हवेत. करारातल्या तारखा ठरवताना तेवढे दिवस धराच.

खर्चाचं म्हणाल तर मुंबईत ८० लाखांच्या फ्लॅटला ६ टक्क्यांनी ४,८०,००० रुपये मुद्रांक शुल्क आणि ३०,००० नोंदणी फी. रेडी रेकनरची (सरकारने ठरवलेल्या दराची) किंमत जास्त निघाली तर शुल्क तिच्यावर. घर फक्त बाईच्या नावावर असेल तर एक टक्का सूट मिळते, नवऱ्याचं नाव जोडलं की ती जाते.

किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर विकणाऱ्याला द्यायच्या पैशातून १ टक्का टीडीएस (आयकर) कापून भरायची जबाबदारी खरेदीदाराची. विकणारा अनिवासी असेल तर हा दर चालत नाही, बराच जास्त कापावा लागतो. करारावर सही करण्याआधीच सीएला गाठा.

सोसायटीची एनओसी (ना हरकत पत्र) लवकर मागा. महापालिका हद्दीत फ्लॅट नव्या मालकाच्या नावावर करण्याचं शुल्क, म्हणजे ट्रान्सफर प्रीमियम, सोसायटीला २५,००० रुपयांच्या वर घेता येत नाही, ‘डोनेशन’ म्हणूनही नाही. ताब्याच्या दिवशी मेंटेनन्स थकबाकी नसल्याचं पत्र घ्या आणि वीजमीटरच्या रीडिंगचा फोटो काढा.