उघड्या डोळ्यांची प्रार्थना

फिजीच्या राजधानीचा, सुवाचा पाऊस पत्र्यावर कोसळायला लागला की शेजारी बसलेल्या माणसाचंही बोलणं ऐकू येत नाही. वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर. कोकणातल्या वाचकाला हा आकडा काही नवा नाही, पण आपला पाऊस चार महिन्यांत सगळा हिशेब उरकून मोकळा होतो. इथला बारा महिने हप्त्याने येतो. शाळेतल्या माझ्या पहिल्याच दिवशी तो असा आला की मुख्याध्यापिकाबाई, एक पाहुणे पाद्री आणि मी, आम्ही तिघंही वाक्य अर्धं सोडून एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो.

समोर वर्ग चालूच होता. अकरा मुलं, एक शिक्षिका, विषय भागाकार. कुणाच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. पावसाने फक्त आमचीच बोलती बंद केली होती.

फिजीला मी गेले ते भाचीकडे. जावई तिथल्या विद्यापीठात आहेत आणि दोघं तीन वर्षं "मावशी, ये" म्हणत होती. विमान उतरतं त्या गावाचं नाव इंग्रजीत 'नादी' असं लिहितात, पण म्हणतात 'नांदी'. आमचा प्रवास नांदीनेच सुरू झाला म्हटल्यावर जावई हसले नाहीत. भाची हसली. तिथून सुवापर्यंत बसने चार-साडेचार तास, एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला ऊस. हा ऊस लावायला १८७९ ते १९१६ या काळात साठ हजारांवर माणसं हिंदुस्थानातून गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, आणली होती. त्यांची पणतवंडं आज बस चालवतात आणि चढणाऱ्याला "कैसे?" असं एका शब्दात विचारतात. उत्तरही तेवढंच द्यायचं, "ठीक." मला ते फार आवडलं.

पण मी लिहायला बसले आहे ते शाळेबद्दल. मी सव्वीस वर्षं कर्णबधिर मुलांना शिकवलं. नोकरीला लागले तेव्हा शाळेच्या पाटीवर 'मूकबधिर विद्यालय' होतं, पुढे 'मूक' रंगवून झाकलं आणि 'कर्ण' लिहिलं. उन्हात जुनं अक्षर रंगाखालून दिसायचं. निवृत्त झाल्यावरही परगावी अशी शाळा दिसली की पाय आपोआप वळतात. भाचीच्या ओळखीने सुवातल्या एका ख्रिस्ती शाळेत तीन आठवडे रोज यायची परवानगी मिळाली. अट एवढीच, की मुलांचे फोटो काढायचे नाहीत, नावं लिहायची नाहीत. म्हणून शाळेचंही नाव लिहीत नाही.

बाहेरच्या माणसाला वाटतं, अशा शाळेत शांतता असेल. छे! बाकं सरकवली तर आवाज होतो हे मुलांना ठाऊक नसतं किंवा त्याची फिकीर नसते. एखाद्याचं लक्ष वेधायचं तर लाकडी जमिनीवर पाय आपटतात, मग तो हादरा समोरच्याच्या तळव्यांना कळतो. घंटेऐवजी दिवे उघडझाप करतात. हसणं तर विचारूच नका, कुणीही दबून हसत नाही.

सकाळी पावणेआठला प्रार्थना. मुलगे सुलूत, म्हणजे कमरेला गुंडाळलेल्या शिवलेल्या लुंगीसारख्या वस्त्रात, काही भारतीय वंशाची मुलं चड्डीत, मुली निळ्या झग्यात. एक मोठी मुलगी समोर आली, तिने हात वर केले आणि मी सवयीने डोळे मिटून हात जोडले. दोन क्षणांत लक्षात आलं की प्रार्थना सुरू आहे आणि मला त्यातलं काही कळत नाहीये. डोळे उघडले. सगळी मुलं टक्क उघड्या डोळ्यांनी त्या मुलीच्या हातांकडे बघत होती. एक चिमुरडा मात्र माझ्याकडे बघत होता. त्याने आपल्या डोळ्यांकडे बोट दाखवलं, मग पुढे बोट केलं. इकडे बघ.

मला घाम फुटला म्हटलं तर खोटं वाटेल, पण फुटला. आमच्या शाळेत सव्वीस वर्षं मी रोज सकाळी सांगत आले होते, हात जोडा, डोळे मिटा. ज्या मुलाची भाषा हातात आहे आणि कान डोळ्यांत आहेत, त्याला हात जोडून डोळे मिटायला लावणं म्हणजे काय, हे मला कधी सुचलंच नव्हतं. शिवाय आमच्याकडे खुणांना मनाई होती. 'हात खाली' हा तिथला सगळ्यात जास्त वापरला जाणारा शब्द. ओठ वाचा, घशातून आवाज काढा, 'प' म्हणताना तोंडासमोर धरलेला कागद हलला पाहिजे. कागद हलला की आम्ही टाळ्या वाजवायचो. त्या मुलांना ऐकू न येणाऱ्या टाळ्या.

यात आम्ही काही एकटे नव्हतो. १८८० साली मिलान शहरात बधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली आणि तिने ठरवलं की वाणी श्रेष्ठ, खुणा वर्ज्य. मुंबईत माझगावला बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकाराने १८८५ मध्ये बधिरांची शाळा निघाली, ती त्याच वाऱ्याच्या दिवसांत. शंभर वर्षं हा वारा आपल्याकडे वाहत राहिला. त्याच परिषदेच्या वारसांनी २०१० साली व्हँकूवरला खेद व्यक्त केला. तोवर माझी निम्म्याहून अधिक नोकरी झाली होती.

तर ती प्रार्थना. येशूसाठीची खूण अशी: एका हाताच्या मधल्या बोटाने दुसऱ्या तळव्याला स्पर्श करायचा, मग उलट. खिळ्यांच्या जखमा. शेवटी सगळ्यांनी दोन्ही हात वर करून पंजे हलवले, ती इथली टाळी. रांगेत मनगटाला लाल दोरा बांधलेला एक मुलगाही होता, आणि एक मुसलमान मुलगी. धर्मप्रसाराचा प्रश्न माझ्याही मनात होता, तो मी मुख्याध्यापिकाबाईंना विचारला. त्या म्हणाल्या, "फिजीतल्या बऱ्याच शाळा कुठल्या ना कुठल्या धर्माच्या संस्थेने काढल्या आहेत. आमची मुलं तुमच्या सनातन शाळांतही जातात." मग थोडं थांबून म्हणाल्या, "या मुलाच्या घरी याच्याशी कुणाला बोलता येत नाही. देव कुठला, हा वाद घालायलासुद्धा भाषा लागते ना!" माझी शंका पूर्ण फिटली असं नाही. पण त्या दोऱ्याला कुणी हात लावलेला मी तीन आठवड्यांत पाहिला नाही, हेही खरं.

मला खुणा थोड्या येतात, निवृत्तीनंतर शिकले. उतारवयातलं पाप धुणं म्हणा. फिजीच्या खुणा वेगळ्या, पण पहिल्याच दिवशी एक घबाड हाती लागलं: बोटांची मुळाक्षरं जवळपास तीच! ब्रिटिशांच्या दोन हातांच्या लिपीचं एक पिल्लू आपल्याकडे आलं, दुसरं ऑस्ट्रेलियामार्गे इथे. डाव्या हाताची पाच बोटं म्हणजे पाच स्वर. अंगठा ए, तर्जनी ई, मग आय, ओ, आणि करंगळी यू. फिजीच्या भाषेत प्रत्येक शब्द स्वरानेच संपतो, त्यामुळे इथली नावं बोटांवर लिहिताना उजवी तर्जनी सारखी डाव्या बोटांच्या टोकांवर येऊन टेकते, पेटीवर सूर शोधावा तशी. कांदावू, लांबासा, तावेउनी. मुलं आपापल्या गावाचं, बेटाचं नाव मला लिहून दाखवत होती आणि मी ओळखत होते. आयुष्यात इतकी कमी मेहनत करून इतकं कौतुक मला मिळालेलं नाही.

त्यात एक गंमत. 'नादी'मधला तो लपलेला 'न' ऐकू येणाऱ्या पाहुण्यांना हमखास चकवतो. १८३५ मध्ये आलेल्या मेथडिस्ट मिशनऱ्यांनी या भाषेची लिपी बसवली, एका ध्वनीला एक अक्षर असा हट्ट धरला आणि 'न्द'साठी नुसता 'डी' ठेवला. जगभरचे प्रवासी आजही तिथे अडखळतात. ही मुलं अडखळत नाहीत. त्यांच्यासाठी गावाचं नाव म्हणजे लिहिलेली चार अक्षरं, त्यात लपलेलं काही नाहीच.

मलाही नाव मिळालं. खुणेचं नाव स्वतः ठेवायचं नसतं, बधिर माणसांनी ते द्यायचं असतं. माझा चष्मा दोरीने गळ्यात लोंबतो, तो मी दर पाच मिनिटांनी चढवते. झालं, छातीवरून नाकापर्यंत उचललेली चिमूट म्हणजे मी. नावं लिहायची नाहीत ही अट मला पाळता आली ती यामुळेच. ज्याने पहिल्या दिवशी मला डोळे उघडायला लावले त्या चिमुरड्याचं नाव होतं 'गालावर खळी'. तो पूर्वेकडच्या लाऊ बेटांतला, बोटीने आलेला. लहानपणी कान फुटले, वाहत राहिले, दवाखाना समुद्रापलीकडे. पॅसिफिकच्या बेटांवर हे दुखणं फार आहे, आणि वेळेत औषध मिळालं तर त्यातलं बरंचसं बहिरेपण टळू शकतं. सातव्या वर्षी तो शाळेत आला तेव्हा त्याच्याकडे आईशी बोलायच्या वीस-पंचवीस घरगुती खुणा होत्या, बाकी काही नाही. स्वतःला नाव असतं हेही त्याला इथे कळलं. आता नऊचा आहे आणि वर्गात सगळ्यांत जास्त चहाड्या तोच करतो.

श्रवणयंत्रांबद्दल थोडक्यात. कपाटात एक डबा आहे, त्यात दान आलेली बरीच यंत्रं. दमट हवेत ती टिकत नाहीत, कानातला साचा मूल वाढलं की बदलावा लागतो, तो बनवायची सोय हाताशी नाही. आमच्याकडेही असा डबा होता.

वसतिगृहातली शनिवारची सकाळ मला पाठ झाली आहे. कपडे धुणं, मग स्वयंपाकघर. मुली टाव्हिओका सोलत होत्या. हे म्हणजे ज्या कंदाचा आपला साबुदाणा होतो तोच. फिजीत तो उकडून नुसता खातात, हे उपवासवाल्या माणसाला जरा विचित्र वाटतं. बाजूला डालो, म्हणजे अळूचा कंद, आणि त्याची पानं, रोरो, नारळाच्या दुधात शिजवलेली. पहिला घास घेतला आणि मी भाताला हात घातला. चिंच-गूळ आणि शेंगदाणे नसलेलं अळूचं फतफतं! स्वयंपाकीणबाईंना मी चिंच घालायचं सुचवलं. त्यांनी मान डोलावली आणि अजिबात घातली नाही.

तिथली एक अडचण मला आधी सुचली नसती. संध्याकाळी वीज गेली. आपल्याकडे वीज गेली की गप्पांना ऊत येतो. इथे काळोख झाला आणि एकदम सगळं थांबलं. पाय आपटायला लागले, धाकटी रडायला लागली. वसतिगृहाच्या मावशींनी टॉर्च लावला, तर ज्याच्यावर उजेड पडेल तो बोलणार असा नियम आपोआप तयार झाला. अर्ध्या तासाने टॉर्च 'खळी'च्या हाती गेला आणि त्याने तो स्वतःवरच धरून ठेवला. एका हाताने टॉर्च, एका हाताने भाषण. शेवटी मोठ्या मुलीने काढून घेतला.

रविवारी चर्च. फिजीतलं गाणं ज्याने ऐकलं नाही त्याला ते सांगता येणार नाही. वाद्य नाही, पेटी नाही, सगळी माणसं उभी राहून चार-चार पट्ट्यांत गातात, आणि छत उचललं जाईल असं वाटतं. इथे भक्ती म्हणजे गाणंच. अशा देशात ही वीस-बावीस मुलं डावीकडच्या पहिल्या दोन बाकांवर बसतात. दुभाष्या समोर उभा असतो. स्तोत्र सुरू झालं तशी मुलांनी पुढच्या लाकडी कठड्यावर तळवे टेकले. मीही टेकले. खालच्या पट्टीतले पुरुष गायला लागले की लाकूड खरोखर थरथरतं. बायकांचा वरचा सूर मात्र लाकडात उतरत नाही. म्हणजे या मुलांच्या हिशेबी चर्चमध्ये फक्त बाप्येच गातात! हे मी शिक्षिकेला खुणेने सांगितलं तर ती इतकी हसली की पाद्रीबाबांनी वळून पाहिलं.

ही शिक्षिका स्वतः बधिर आहे. त्या दिवशी दुपारी तिने मुलांना मार्काच्या शुभवर्तमानातली बहिऱ्या माणसाची गोष्ट सांगितली. ही गोष्ट मी ओळखत होते, आमच्या भागातल्या मिशनच्या दवाखान्यात तिचं चित्र होतं. येशू म्हणतो 'एफ्फाथा', मोकळा हो, आणि माणसाला ऐकू यायला लागतं. मला वाटलं, या मुलांना ही गोष्ट कशाला? यांचे कान तर कुणी मोकळे केले नाहीत. पण तिची गोष्ट निराळ्याच जागी रेंगाळली. त्याला त्याने गर्दीतून बाजूला नेलं, हे तिने तीनदा सांगितलं. मग त्याच्या कानांत बोटं घातली, जिभेला हात लावला, आकाशाकडे पाहिलं. ती थांबली आणि मुलांना विचारलं, "आतापर्यंत एक तरी शब्द बोलला का?" मुलांनी माना हलवल्या. "म्हणजे आधी काय केलं?"

'खळी'ने हात वर करून उत्तर दिलं. खुणा केल्या.

मग तो माणूस बरा झाला तो भाग तिने दोन वाक्यांत उरकला.

तिला मी माझ्या शाळेबद्दल सांगितलं. कागद, 'प', हात खाली, सगळं. तिने शांतपणे पाहून घेतलं. मग म्हणाली की तिच्याही लहानपणी एका बाईंनी तिचे हात पट्टीने खाली बसवले होते, आणि त्या बाईंनीच तिला वाचायलाही शिकवलं. एवढंच सांगून ती फळा पुसायला उठली. मी तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत बसले. पाठमोऱ्या बधिर माणसाला आणखी काही सांगता येत नाही.

निघायच्या दिवशी अर्थातच पाऊस होता. सुवाच्या साध्या बसला काचा नसतात, ताडपत्रीचे पडदे असतात, पावसात ते खाली सोडतात. मी चढले, बसले, चष्मा चढवला, आणि समोरच्या बाईंनी मला ढोसून बाहेर बोट दाखवलं. पडदा वर केला. रस्त्यापलीकडे फाटकावर 'खळी' भिजत उभा होता आणि जिवाच्या आकांताने हात हलवत होता. मला वाटलं निरोप देतोय, म्हणून मीही पंजे हलवले. तो वैतागला. छातीवरून नाकापर्यंत चिमूट, म्हणजे मी. मग मूठ उघडून डोक्यावर पसरली. छत्री.

छत्री शाळेच्या ओट्यावर राहिली होती. बसचं इंजिन घरघरत होतं, पाऊस धो-धो, ओरडून काही उपयोग नव्हता. मी पडद्यातून दोन्ही हात बाहेर काढले आणि त्याला सांगितलं, तुझ्याकडे ठेव, आता उघड आणि आत जा.

त्याने विचारलं, परत कधी येणार?

बस सुटली होती.