तुम्ही विचारलंत म्हणून: ‘त्यांचा धीर सुटला तर?’

मरणपंथाला लागलेल्या माणसांच्या सोबतीला मी जाऊन बसते. त्यांचे घरचे हमखास मला दाराबाहेर घेतात आणि विचारतात, “त्यांच्याशी हे बोलायचं कसं? ऐकून धीर सुटला तर?”

आधी माझी चूक सांगते. शेवटच्या दुखण्यात बाबा एका दुपारी म्हणाले, “माझं काही बरंवाईट झालं तर…” मी त्यांना वाक्य पुरं करूच दिलं नाही. “बाबा, असलं अभद्र बोलू नका. ठणठणीत होणार आहात तुम्ही.” ते पंख्याकडे बघत राहिले. त्यानंतर अकरा दिवस होते, पण तो विषय त्यांनी परत काढला नाही. तेव्हा मला वाटलं, मी धीर दिला. सुटत होता तो माझा. त्या ‘तर’च्या पुढे काय होतं, ते आता कळायचं नाही. (शब्द तरी बघा आपला, ‘बरंवाईट’! मरणाचं नाव काढायचं तर आधी ‘बरं’ चिकटवून घेतो.)

तर, आजारी माणसाला बहुतेक वेळा कळलेलं असतं. अन्नावरची वासना उडते, दिवस झोपेत जातो, बाथरूम रोज थोडं लांब जातं. तो आपल्यासाठी गप्प, आपण त्याच्यासाठी. म्हणून मी सांगायला जात नाही, विचारते. “आजाराचं तुम्हाला काय वाटतंय?” “कशाची काळजी लागलीय?” मग गप्प बसते. हे गप्प बसणं फार जड जातं. उत्तर पुष्कळदा मरणाबद्दल नसतंच. गुदमरायला होईल का, रात्री कुणी जवळ असेल का, असलं काहीतरी असतं. ज्याला बोलायचं नसतं तो विषय बदलतो, मीही बदलते.

सिसिली साँडर्स आधी नर्स होत्या, नंतर डॉक्टर झाल्या. १९६७ साली त्यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे मरणपंथाला लागलेल्यांची काळजी घेणारी संस्था, सुरू केलं. मरणाऱ्याच्या दुखण्यात शरीराइतकंच मन, नाती आणि श्रद्धाही दुखत असतात, हे त्यांचं म्हणणं मला खाटेजवळ रोज पटतं.

घरच्यांशी मात्र मी स्वतःहून बोलते, कारण न सांगितलेल्या गोष्टी त्यांना पुढे वर्षानुवर्षं छळतात. श्वास जोरात चालतो, मंदावतो, थांबतो आणि पुन्हा सुरू होतो. घशात घरघर लागते. ऐकणाऱ्याचा जीव कासावीस होतो, पण बेशुद्धीत असलेल्याला बहुधा तिचा त्रास होत नसतो. हातपाय गार पडतात. गिळता येत नसेल तर पाणी ओतू नका, ओठ ओले करा. खाणं थांबलं म्हणून माणूस जात नाही, तो जायला निघालाय म्हणून खाणं थांबलंय. हे ऐकून हातातला चमचा खाली ठेवणारी किती माणसं पाहिलीत! आणि बोलत राहा. कॅनडात झालेल्या, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, प्रतिसाद न देणाऱ्या काही मरणासन्न रुग्णांच्या मेंदूत आवाजाची नोंद होताना दिसली. अर्थ कळत होता का, ते त्यावरून सांगता येत नाही. तरी बोला.

नंतर तीच माणसं विचारतात, “मला राग येतच नाही, माझं काही चुकतंय का?” मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ साली मांडलेल्या पाच पायऱ्या (नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार) कुठेतरी वाचलेल्या असतात. त्या मुळात मरणाऱ्या रुग्णांशी बोलून मांडलेल्या; मागे राहिलेल्यांचं ते वेळापत्रक नव्हे. सकाळी ढसाढसा रडून दुपारी वीजबिल भरता, यात चुकण्यासारखं काही नाही.

लहान मुलांना तेवढं ‘झोपले’ म्हणून सांगू नका. ती रात्री झोपायला घाबरतात.

बाबांनंतर सहा वर्षांनी मावशीची पाळी आली. तिने सरळच विचारलं, “मी आता जाणार ना गं?”

माझ्या तोंडाला कोरड पडली. “हो मावशी, तसंच दिसतंय.”

आम्ही दोघी रडलो. मग तिने पदराने नाक पुसलं.

“मग आधी माझ्या हनुवटीवरचे ते दोन केस उपट. सगळे बघायला येतील.”

मी चिमटा शोधायला उठले.