खासबाग: संस्थानने बांधलेले, पेठांनी जपलेले

सातव्या एडवर्डच्या राज्यारोहण समारंभासाठी शाहू महाराज १९०२ साली विलायतेला गेले होते. त्याच दौऱ्यात त्यांनी रोमचे कलोसियम पाहिले आणि कुस्तीसाठी असे मैदान कोल्हापुरात व्हावे, हे त्यांच्या मनाने घेतले. (संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवणारा प्रसिद्ध जाहीरनामाही ते परदेशात असतानाच, २६ जुलैला निघाला.) त्या काळी इंग्रज अधिकारी जिथे छावणी टाकी, तिथे लवकरच क्लबही उभा राहत असे, कलकत्त्याचा गोल्फ क्लब तर १८२९ सालचा. मोजके सभासद, राखलेली हिरवळ आणि फाटकावर पहारेकरी हा त्या क्लबांचा थाट होता आणि अनेक संस्थानिकांनाही तो भावला. महाराज स्वतः कसलेले मल्ल. त्यांनी मात्र बांधले ते हजारो माणसांनी एका वेळी बसून कुस्ती पाहावी असे मैदान. १९१२ साली ते खासबाग मैदान खुले झाले.

मी कराडहून एसटीने कोल्हापूर गाठले आणि रिक्षाने थेट भवानी मंडपात उतरलो. खासबागेकडे जाण्याआधी मोतीबाग तालीम पाहावी, असा बेत होता. मैदानावरची कुस्ती ही या तालमींतल्या मेहनतीचे फळ असते, त्यामुळे हा क्रम मला योग्य वाटला. दारात उभ्या असलेल्या एका वयस्क गृहस्थांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "पावनं, चपला भाईर काढा, मग या आत." आखाड्यातली तांबडी माती नुकतीच खोऱ्याने उकरून मोकळी केली होती. या मातीत ताक, तेल, हळद आणि लिंबाचा रस घालून ती मऊ राखतात, म्हणून तिचा वास पावसाने भिजलेल्या मातीसारखा नसतो; थोडा आंबूस, थोडा तेलकट असा तो वास कपड्यांना बराच वेळ धरून राहतो. एका कोपऱ्यात दोन पोरे जोर मारत होती. वस्ताद बोलत काहीच नव्हते, पण एकाची कंबर जरा वर राहिली तेव्हा त्यांनी नुसती काठी टेकवली आणि पोरगा सरळ झाला. हिंदकेसरी गणपतराव आंदळकर याच तालमीचे. पुढे वस्ताद म्हणून त्यांनी इथेच कितीतरी मल्ल घडवले.

कराडच्या माणसाने इथे येऊन खाशाबा जाधवांची आठवण काढली नाही, असे होणार नाही. गोळेश्वरचा हा पैलवान कोल्हापुरात राजाराम कॉलेजात शिकला. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी पैसे कमी पडले, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. एवढ्या मोठ्या पराक्रमामागे सरकारी तिजोरी नव्हे, तर एका शिक्षकाचे राहते घर असावे, याचा अभिमान वाटावा की खंत, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

भवानी मंडपातून मिरजकर तिकटीमार्गे खासबाग पायी काही मिनिटांवर आहे. बाहेरून पाहताना आत एवढे विस्तीर्ण काही असेल, अशी कल्पना येत नाही. आत गेल्यावर रचनेची हुशारी कळते: मधोमध कुस्तीचा हौदा आणि त्याच्या सभोवती बाहेरच्या बाजूस चढत गेलेली बैठक. मी मुद्दाम सर्वांत मागच्या कडेला जाऊन उभा राहिलो. हौद्यातली माती उकरणाऱ्या माणसाचा हात कोपरात कसा वाकतो, हेही तिथून दिसत होते. पट (पाय धरून खेचण्याचा डाव) काढला की नाही, पाठ टेकली की नाही, यावर हजारो जाणकारांची नजर असताना पंचाला चुकीचा निकाल देणे किती अवघड जात असेल! मैदानाला लागूनच महाराजांनी १९१५ साली पॅलेस थिएटर उभारले, तेच आजचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह. मल्ल आणि नट शेजारी-शेजारी नांदावेत, ही कल्पना मला कलोसियमपेक्षाही मोलाची वाटते. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री या नाट्यगृहाला भीषण आग लागली. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. मैदानाच्या बाजूचे व्यासपीठही त्या आगीत सापडले. मी गेलो तेव्हा पत्र्याच्या आडोशामागे पुनर्बांधणीचे काम चालू होते.

बाहेर आल्यावर भेळ खाल्ली नाही तर खासबागेची भेट पुरी झाली असे कोल्हापूरकर मानत नाहीत, म्हणून तेही केले. भेळवाल्याने मी विचारायच्या आधीच सांगून टाकले की कुस्तीचे मैदान असेल त्या दिवशी हलगी वाजायला लागली की गिऱ्हाईक हातातला कागद तसाच धरून आत पळते आणि पैसे निकालानंतर देते. "बुडवत न्हाई कुनी," हेही त्याने वर सांगितले.

पुढे मंगळवार पेठेत शाहू स्टेडियम लागते. तिथे फुटबॉल खेळला जातो, मात्र संघांची नावे वाचली की परक्या माणसाचा गोंधळ उडतो: पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ. पेठेच्या तालमीभोवती जमलेल्या पोरांनी चेंडू हाती घेतला, पण नाव तालमीचेच ठेवले. घरातली सारी माणसे एकाच संघाच्या बाजूने ओरडतात, कारण संघ पेठेचा असतो आणि पेठ जन्माने मिळते. त्यासाठी अर्ज भरावा लागत नाही. सामना असलेल्या दिवशी यायचे असेल, तर कोणत्या पेठेच्या प्रेक्षकांत बसायचे हे आधी ठरवून यावे. मी न ठरवता बसलो आणि मध्यंतरापर्यंत दोन्ही बाजूंच्या लोकांनी मला "तुमी कुनाचं?" असे विचारून झाले होते.