ठाण्याची घूस आणि सव्वादोनशे ग्रॅम रवा

"कितवीत आहेस गं?" नगर-कल्याण एसटीच्या कंडक्टरने मोठीचं अर्धं तिकीट काढता काढता विचारलं.

"पाचवीच्या वयाची आहे," ती म्हणाली. हे उत्तर तिने स्वतःच तयार करून ठेवलंय. कंडक्टरने माझ्याकडे बघितलं. डिसेंबरातला मंगळवार, सकाळचे साडेसात, आणि दोन पोरं दप्तराशिवाय. "घरीच शिकतात," मी म्हटलं. "बरंय मग," म्हणून त्याने माझंही अर्धं तिकीट हातात ठेवलं. २०२३ पासून बायकांना एसटीत निम्मं भाडं, लहान मुलांना तर आधीपासूनच निम्मं. म्हणजे आम्ही तिघं मिळून दीड माणूस ठाण्याला निघालो.

आळेफाट्याला वडापाव, माळशेजात धाकट्याने तो परत केला, मुरबाडपर्यंत झोप. लोक माळशेज बघायला पावसाळ्यात येतात. मला तो डिसेंबरातला, वाळक्या गवताचा, पिवळा पडलेला आवडतो. कल्याणला उतरून लोकल धरली. दुपारची होती म्हणून बसायला मिळालं. मुलांना वाटतंय की लोकल अशीच असते. वाटू दे.

ठाण्यात उथळसरला माझी आत्या राहते. चौतीस वर्षं मराठी शाळेत शिकवून निवृत्त झालेली बाई. मुलं तिला आत्याआजी म्हणतात आणि थोडी घाबरतात. मीही घाबरते, म्हणून बसमध्ये सगळी उत्तरं मनात लावून ठेवली होती. दहावीचं काय? तर राष्ट्रीय मुक्त विद्यालय आहे, १९८९ पासून आहे, वयाची चौदा वर्षं पूर्ण झाली की दहावीला बसता येतं, पाच विषय, त्यात एक तरी भाषा. मित्रमैत्रिणींचं काय? तर संडे स्कूल आहे, वाड्यातली पोरं आहेत. आत्याने यातलं काहीच विचारलं नाही. मुलांना पाणी दिलं, चेहरे धुवायला लावले आणि म्हणाली, "शनिवारी चर्चची साफसफाई आहे. तिघंही चला. जुने कपडे आणलेत ना?"

बुधवारी मात्र माझा दिवस होता. ठाणं म्हणजे माझ्या दृष्टीने तयार धडा. वहीत क्रमच लिहिला होता. १३२१ साली इथे फ्रान्सिस्कन पंथाचे चार ख्रिस्ती साधू मारले गेले. १७३७ साली मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून ठाणं घेतलं. पोर्तुगीजांनी बांधायला काढलेला तो किल्ला म्हणजे आजचं मध्यवर्ती कारागृह. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली आगगाडी इथे आली, तिला साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं होती. तलावपाळीला चक्कर मारली, शेजारचं सेंट जॉन द बाप्टिस्ट हे कॅथलिक चर्च बघितलं. आम्ही नगरकडचे प्रोटेस्टंट, अमेरिकन मिशनऱ्यांनी तिकडे १८३१ साली काम सुरू केलं तेव्हापासूनचे. त्यामुळे "आपल्याकडे पुतळे का नसतात?" यावर अर्धा तास गेला, आणि तो अर्धा तास माझ्या वहीत नव्हता.

धाकट्याला ना किल्ल्यात रस, ना इंजिनांत. त्याने एकच गोष्ट उचलली. त्या साधूंच्या मागोमाग ओडोरिक नावाचा इटालियन साधू ठाण्याला आला, त्यांची हाडं गोळा करून पुढे घेऊन गेला. त्याने लिहून ठेवलंय की इथले उंदीर कुत्र्याएवढे असतात, मांजरांचा त्यांच्यापुढे निभाव लागत नाही, म्हणून त्यांना मारायला कुत्रेच लागतात. "घुशी असणार," मी सहज बोलून गेले. तिथून पुढे चार दिवस प्रत्येक गटाराच्या झाकणापाशी आमची यात्रा थांबली.

शनिवारी सकाळी आठला चर्चमध्ये. महिला मंडळाच्या दहा-बारा जणी, तरुण संघातले तीन मुलगे (त्यातला एक सतत फोनवर), आणि आम्ही. बाकं पुसायची, पंख्यांवरची जळमटं काढायची, पितळी क्रूस आणि फुलदाण्या घासायच्या. आत्या पितळेला बाजारची पावडर लावू देत नाही. चिंचेचा कोळ, मीठ आणि नारळाची शेंडी. धाकट्याने एक फुलदाणी अशी घासली की तिच्यात स्वतःचं तोंड वाकडं दिसायला लागलं, मग पुढचा अर्धा तास तो तोंडं वेडावत बसला.

मोठीला पाकिटांवर बसवलं. जी म्हातारी माणसं चर्चला येऊ शकत नाहीत, त्यांच्या घरी नाताळच्या आधी रवा, साखर आणि तूप पोचवायचं असतं, करंज्यांपुरतं. यादीत त्रेपन्न घरं. रवा बारा किलो. "पाव-पाव किलोचं भर," असं सांगून बायका साखरेकडे वळल्या. पोरगी काट्याजवळ जागची हलेना. मग म्हणाली, "पाव किलोने अठ्ठेचाळीसच होतात. पाच घरं राहतील." कुणीतरी म्हणालं, अगं, थोडं थोडं कमी घाल. थोडं म्हणजे किती, हे तिला कुणी सांगेना. तिने पाकिटाच्या पाठीवर भागाकार मांडला आणि सव्वादोनशे ग्रॅमवर आली. त्रेपन्न पाकिटं भरून पंचाहत्तर ग्रॅम रवा उरला, तो तिने वेगळ्या पुडीत बांधून ठेवला. मी आत्याकडे बघत होते. खोटं कशाला बोलू, मला शाबासकी हवी होती, आणि मुलीला नव्हे, मला.

दरम्यान बायकांनी साखर वाटीने, गप्पा मारत, निम्म्या वेळात भरून टाकली होती. बरोबर त्रेपन्न.

अकराला चहा आणि बटाटेवडे आले. सगळे रांगेत उभे राहिले. आमची मोठी मधून वाट काढत सरळ पातेल्यापाशी गेली आणि बशी पुढे केली. एक आजोबा बाजूला सरकले, तिला ते कळलंही नाही. आत्या माझ्या कानाशी म्हणाली, "हिला रांग येत नाही गं."

पाढे येत नाहीत, तशी रांग येत नाही. या प्रश्नाचं उत्तर मी बसमध्ये लावलेलं नव्हतं. घरात आम्ही चौघं, रांग लागणार कशाची? बाथरूमची लागते, ती आरडाओरडा करून सुटते. मुलीला हाक मारून मागे बोलावलं, ती आली, शेवटी उभी राहिली, वडा संपत आला म्हणून रडकुंडीला आली. तिच्या वाट्याला तुटका वडा आला. आतोबांनी आपला अख्खा तिला देऊ केला तर आत्याने डोळे वटारले.

रविवारी उपासना झाली, पाळकसाहेबांनी कामाला आलेल्यांना उभं करून टाळ्या वाजवल्या. धाकटा तेव्हा नेमका बाकाखाली. नंतर बाहेरच्या खुर्च्या मागच्या खोलीत लावायच्या होत्या. तो फोनवाला मुलगा आणि हा, दोघं चार-चार, दोन-दोन अशा नेत होते. एकदम आतून किंकाळी आली, खुर्च्या कोसळल्या, आणि पायरीवरून एक काळपट, जाडजूड, केसाळ जनावर महिला मंडळाच्या मधून गेलं. फोनवाला टेबलावर चढलेला. आमचे चिरंजीव मात्र घुशीमागे कंपाउंडपर्यंत धावले.

रात्री त्याने न सांगता वही काढली. घरी एक परिच्छेद लिहून घ्यायला मला सकाळ घालवावी लागते. वहीत होतं: "ठाण्याची घुस. कुत्र्याएवढी नाही. आतोबा आजोबांच्या चपलेएवढी, शेपूट सोडून. ओडोरिक लांबून बघत असेल."

आत्याने चष्मा लावला, दोनदा वाचलं, पर्समधून लाल पेन काढलं आणि घूस दीर्घ केली.