बाबांनी न घातलेली हुडी

हुडीपेक्षा तिचं कुरिअर महाग पडलं. काळी, आतून मऊ, छातीवर सोनेरी अक्षरांत नवऱ्याच्या विद्यापीठाचं नाव: Dalhousie. साताऱ्याच्या थंडीत बाबांना पहाटेच्या फिरण्याला बरी पडेल म्हणून कॅनडातल्या हॅलिफॅक्सहून पाठवली. व्हिडिओ कॉलवर बाबांनी ती उलगडली, चष्मा कपाळावर चढवून अक्षरं जवळून वाचली आणि होती तशी घडी घालून बाजूला ठेवली.

"हा आपलाच का गं?"

"आपला म्हणजे?"

"सातारा खालसा करणारा."

छत्तीस वर्षं इतिहास शिकवलेल्या माणसाला असली भेट पाठवायची, तीही त्याच्याच मुलीने! नवऱ्याची पीएचडी इथे सुरू होऊन दोन वर्षं झाली, तरी माझ्या डोक्यात हा प्रकाश पडला नव्हता. आता माझी बाजू ऐका. इथे त्या विद्यापीठाचा उच्चार 'डॅलहाउझी' असा करतात, आणि तोही कागदोपत्री. बोलताना नुसतं 'डॅल'. पहिला महिनाभर मला ते 'डाळ'च ऐकू यायचं. आपल्या पुस्तकातला 'डलहौसी' आणि हे डॅल, दोघं माझ्या मेंदूच्या दोन वेगळ्या खणांत सुखाने नांदत होते.

मग रात्री जागून वाचलं. बाबांना दुसऱ्या दिवशी विजयी मुद्रेने फोन केला: "हा तो नाहीच. हा त्याचा बाप!"

बापाचं नाव जॉर्ज रॅमझी, डलहौसीचा नववा अर्ल, म्हणजे तिथला सरदार. जन्म 1770. एडिंबराजवळ त्यांचा पिढीजात किल्ला. कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट त्याचा शाळासोबती. स्वारी 1788 मध्ये फौजेत शिरली आणि पुढे जवळजवळ सगळं आयुष्य गणवेशातच गेलं: वेस्ट इंडीज, आयर्लंड, इजिप्त, मग वेलिंग्टनच्या हाताखाली स्पेन. तिथे तो सातव्या डिव्हिजनचा सेनापती. 1813 च्या व्हिटोरियाच्या लढाईत त्याची तुकडी वेळेवर पोचलीच नाही आणि शेजारचा सेनापती पिक्टन वाट बघून वैतागला, शेवटी आपणच पुलावर चालून गेला. (हे वाचून मला जरा बरं वाटलं. उशीर ही फक्त आपलीच खासियत नाही तर.) 1816 मध्ये तो नोव्हा स्कोशियाचा, म्हणजे आमच्या या प्रांताचा, गव्हर्नर म्हणून इथे आला, 1820 मध्ये क्विबेकला जाऊन अख्ख्या ब्रिटिश उत्तर अमेरिकेचा प्रमुख झाला. तिथे निवडून आलेल्या सभेशी इतका बिनसला की 1827 मध्ये तिने निवडलेला सभापतीच त्याने नामंजूर केला. नामंजूर करण्याची सवय घराण्यातच असावी.

आणि 1830 मध्ये हा गृहस्थ हिंदुस्थानचा सरसेनापती झाला! तब्येतीने दगा दिल्यामुळे दोनेक वर्षांत परतला, 1838 मध्ये गेला. बायको, लेडी क्रिस्टियन, वनस्पतींची जाणकार. नोव्हा स्कोशियातही झाडं गोळा केली आणि सिमल्यालाही. एका वनस्पतीच्या प्रजातीला तिच्यावरून 'डलहौसिया' नाव आहे. घरात मला हीच सगळ्यात आवडली, आणि तिच्याबद्दल बाबांचीही काही तक्रार नाही.

धाकटा मुलगा जेम्स, जन्म 1812. थोरले भाऊ गेले म्हणून अर्लपद त्याच्याकडे आलं. त्याच्या बालपणाची काही वर्षं आईवडिलांबरोबर कॅनडात गेली. पस्तिशीत तो गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्यात उतरला, आणि त्याच वर्षी, 1848 मध्ये, साताऱ्याचे छत्रपती अप्पासाहेब महाराज वारले तेव्हा त्यांचा दत्तक मुलगा त्याने वारस म्हणून मानला नाही. सातारा गेलं. मग नागपूर, झाशी. पुढचं तुम्हाला पाठ आहे. इथलं गव्हर्नरचं घर बॅरिंग्टन स्ट्रीटवर अजून आहे आणि माझी बस रोज त्याच्यावरून जाते. हिवाळ्यात त्या अंगणात बर्फ साचलेला दिसला की तिथे एक पाच वर्षांचं पोर घसरगुंडी खेळतंय असं डोळ्यांपुढे येतं आणि उगाचच राग येतो. पोरावर कसला राग काढायचा?

बाबांना मात्र मी बापाची वकिली ऐकवत राहिले. विद्यापीठ कशावर उभं राहिलं ठाऊक आहे? जकातीवर! 1814 मध्ये इंग्रजांनी अमेरिकेतलं कॅस्टीन बंदर घेतलं, सात-आठ महिने तिथली जकात वसूल केली आणि सुमारे साडेअकरा हजार पौंड घेऊन हॅलिफॅक्सला परतले. या पैशाचं करायचं काय, असा प्रश्न होता. डलहौसी म्हणाला, कॉलेज काढू. तेव्हा इथलं किंग्ज कॉलेज इंग्लंडच्या चर्चला बांधलेलं. याने एडिंबराचा नमुना समोर ठेवला: कुठल्याही पंथाचा असो, दार उघडं. 22 मे 1820 रोजी स्वतः कोनशिला बसवली. खरे वर्ग भरायला 1838 उजाडलं, मध्ये काही वर्षं बंद पडलं, 1863 ला पुन्हा उघडलं. पण कल्पना त्याची.

बाबा शांतपणे म्हणाले, "आपल्याकडे प्रतापसिंह महाराजांनी शाळा काढल्या होत्या. त्यांना 1839 मध्ये गादीवरून कुणी उतरवलं?"

यावर काय बोलणार? मी पण साताऱ्याचीच. म्हटलं, बाबा, त्यांच्याच जुन्या राजवाड्यातल्या शाळेत 1900 साली भिवा आंबेडकर नावाचा मुलगा दाखल झाला, त्याला वर्गात वेगळं बसावं लागायचं. तिथे इंग्रज नव्हते बसवायला. फोनवर थोडा वेळ फक्त आमच्या कुकरची शिट्टी ऐकू आली. मग आईने विषय बदलला.

आणि माझ्या वकिलीची हवा इथल्याच लोकांनी काढली. विद्यापीठाने स्वतःच 2016 मध्ये अभ्यासक नेमले: आपल्या संस्थापकाचा गुलामगिरीशी आणि वंशभेदाशी संबंध काय, ते शोधा. 2019 मध्ये अहवाल आला. झालं होतं असं, की इंग्लंड-अमेरिकेच्या 1812 च्या युद्धात अमेरिकेतल्या गुलामगिरीतून सुटून सुमारे दोन हजार काळी माणसं नोव्हा स्कोशियात आली होती. त्यांना प्रेस्टन आणि हॅमंड्स प्लेन्सला दगडाळ जमिनीचे तुकडे मिळाले. तशात 1816 साली उन्हाळाच आला नाही. पीक कुठून येणार? आमचा अर्ल वरिष्ठांना कळवतो, ही माणसं आळशी, यांना गुलामीचीच सवय. यांना अमेरिकेतल्या मालकांकडे परत पाठवता आलं तर बरं, नाहीतर आफ्रिकेतल्या सिएरा लिओनला. जी माणसं साखळी तोडून आली, त्यांना परत मालकाकडे! सगळ्या पंथांना दार उघडं म्हणणाऱ्याच्या हिशेबात ही माणसं कुठे बसतच नव्हती.

विद्यापीठाच्या अध्यक्षांनी जाहीर माफी मागितली. हे वाचून मी भारावले, खोटं कशाला बोलू? आपल्याकडे संस्थापकाच्या फोटोला हार घालतात, चौकशी समिती नेमत नाहीत. इथे कुठल्याही कार्यक्रमाच्या सुरुवातीला ही भूमी इथल्या मूळच्या मिकमाक लोकांची, असं उभं राहून सांगतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला होता. विसाव्या वेळी मात्र माझ्या शेजारची बाई ते चालू असताना फोनमध्ये किराण्याची यादी करत होती. जमीन कुणाची ते सांगून झालं की लगेच कॉफी. माफी मागून झाली, नाव तेच राहिलं, हुडी त्याच दुकानात त्याच नावाची.

पण मी कुठल्या तोंडाने बोलू? कलकत्त्याने डलहौसी स्क्वेअरचं नाव बदलून बिनय-बादल-दिनेश या क्रांतिकारकांचं केलं खरं, पण हिमाचलातलं डलहौसी तसंच आहे, आणि ते थेट मुलाच्याच नावाचं. माझी चुलतबहीण तिथे हनिमूनला गेली होती. तेव्हा बाबांनीच स्वेटर नीट घे म्हणून बजावलं होतं.

परवा ग्रँड परेडवर जाऊन आले. पहिलं कॉलेज तिथे होतं, आता त्या जागी सिटी हॉल आहे. त्याच्या एका बाजूचं घड्याळ इथल्या बंदरातल्या 1917 च्या स्फोटाची आठवण म्हणून 9 वाजून 4 मिनिटांवर थांबवून ठेवलंय. धुकं इतकं होतं की वरचे काटे दिसत नव्हते. तरी फोटो काढून बाबांना पाठवला.

उत्तर आईचं आलं. तिचाच फोटो, अंगणात सडा घालताना. अंगात काळी हुडी, उलटी घातलेली, शिवणी बाहेर. खाली लिहिलं होतं: "मऊ आहे गं. एक लार्ज पाठव, ही दंडात घट्ट होते."

मी विचारलं, बाबा काय म्हणाले?

"म्हणाले, धुतल्यावर मागच्या दोरीवर वाळत घाल."