सामाईक सातबाऱ्यात अडकलेली कोकम लागवड : माझा अनुभव

सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात बरेचसे सदाहरित जंगल मालकीच्या जमिनीत आहे. काजू किंवा रबर लावण्यासाठी ते साफ केले की उतारावरची माती वाहून जाते आणि उन्हाळ्यात वहाळ आटतात. म्हणून उभी झाडे राखून त्यांच्या सावलीत कोकम, जायफळ आणि दालचिनी लावायची, ऐन-किंजळीच्या बुंध्यावर मिरीवेल चढवायचे, ही पद्धत आम्ही काही वाड्यांवर शिकवतो. ती लोकांना लवकर पटली. बियांपासून वाढवलेल्या कोकमात साधारण निम्मी झाडे नर निघतात आणि ते फुलोरा येईपर्यंत, म्हणजे सहा-सात वर्षे, कळत नाही. मादी झाडाचे कलम लावले की ही काळजी मिटते, एवढे समजल्यावर कलमांची मागणी शेतकऱ्यांनीच केली.

सगळे अडले ते सातबाऱ्यावर. रोजगार हमीतून फळबाग लागवडीचे अनुदान मिळते. परंतु जमीन सामाईक असेल तर सहहिस्सेदारांची संमती द्यावी लागते. आमच्याकडे एकेका सातबाऱ्यावर आजोबांच्या पिढीपासूनची नावे आहेत. त्यांतले काही हयात नाहीत, त्यांची वारस नोंद झालेली नाही, आणि बाकीचे मुंबईला नाहीतर गोव्यात. कार्यालयात आधी साध्या कागदावरची संमतीपत्रे चालतील असे सांगितले. ती नेऊन दिल्यावर मुद्रांक कागद मागितला. तो दिल्यावर मयतांच्या वारसांच्या सह्या हव्यात असे निघाले. संपूर्ण यादी एकदाच लिहून द्या, ही आमची साधी विनंती कोणीही मनावर घेतली नाही, याचा राग मला अजून आहे. मृगाचा पाऊस येऊन गेला, रोपवाटिकेतल्या कलमांची मुळे पिशवीच्या तळातून बाहेर आली, आणि याच काळात लाकूड व्यापारी रोख रक्कम घेऊन त्याच शेतकऱ्यांच्या दारात येत होता.

अखेर चाकरमानी गणपतीला आले तेव्हा घरोघरी जाऊन सह्या घेतल्या. पण तोवर लागवडीचा हंगाम सरला होता, त्यामुळे मंजुरी हातात असूनही पुढच्या पावसाची वाट पाहावी लागली. म्हणून सह्यांचे काम शिमग्याला किंवा मे महिन्याच्या सुट्टीतच उरकावे. वारस नोंद त्याआधी करून घ्यावी. महसूल विभागाच्या ई-हक्क या ऑनलाइन प्रणालीवर तिचा अर्ज घरबसल्या करता येतो. दिलेल्या प्रत्येक कागदाची शिक्क्यासह पोच घ्यावी, कारण टेबलावरचा माणूस बदलला की जुने तोंडी बोलणे कोणी मानत नाही.

आता त्या उतारांवर ऐन-किंजळ उभे आहेत, कोकम त्यांच्या सावलीत रुजले आहे, आणि याचे मला मनापासून समाधान आहे.

मिरीबद्दल सांगायचे राहिले. तिची रोपे झाडाच्या उत्तर अंगाला लावावीत, म्हणजे उन्हाळ्यात कडक ऊन थेट लागत नाही. दहा-वीस रोपांसाठी अनुदानाची वाट पाहण्याचे कारण नाही. कागद अडलेले असले तरी पहिल्या पावसात एवढे काम सुरू करता येते.